गर्द सुटते आहे, विडीचे काय? अफूजन्य पदार्थांच्या उपचारासोबत तंबाखू सोडण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडणे, डिचोली, म्हापसा, फोंडा या भागांतील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीची आहेत. औषध कोणते आणि किती, हे प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी, गरज असेल तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अफूजन्य पदार्थ म्हणजे फक्त गर्द का? माझा मुलगा तर दुखण्याच्या गोळ्या घेतो.

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर (अशुद्ध हेरॉइन) हा त्यांपैकी एक पदार्थ झाला. अफू, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉल आणि टॅपेन्टाडॉलच्या गोळ्या, पेन्टाझोसिनची इंजेक्शने हे सर्व त्याच कुटुंबातले आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातील २.०६ टक्के भारतीय अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात, आणि औषधी गोळ्या-इंजेक्शनांचा वापर करणारे गर्दवाल्यांपेक्षा फारसे कमी नाहीत. ट्रॅमाडॉल घेणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सावधगिरी आहे, ती प्रश्न ९ मध्ये दिली आहे.

२. गर्द माणसाला मारते, विडी नाही. मग उपचाराच्या वेळी तंबाखूचा विषय कशाला काढायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारणाऱ्याची चूक नाही, कारण घरातले, शेजारचे आणि कधी कधी उपचार करणारेही हेच बोलतात. गर्दचा मृत्यू डोळ्यांसमोर येतो; तो अचानक असतो, तरुणाचा असतो, पोलीस पंचनाम्यासह असतो. तंबाखूचा मृत्यू वीस-पंचवीस वर्षांनी रुग्णालयात येतो आणि त्याच्या दाखल्यावर हृदयविकार, कर्करोग किंवा दमा असे लिहिलेले असते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारू व इतर अमली पदार्थांच्या व्यसनासाठी रुग्णालयात भरती होऊन गेलेल्या ८४५ जणांचा पुढे मागोवा घेतला असता, त्यांच्यातील ५०.९ टक्के मृत्यू तंबाखूशी संबंधित कारणांनी झाले होते आणि ३४.१ टक्के दारूशी संबंधित कारणांनी. ज्या व्यसनासाठी माणूस उपचाराला आला त्यापेक्षा, ज्याकडे कोणी पाहिलेच नाही त्या व्यसनाने जास्त जीव घेतले. हेरॉइनचे व्यसन असलेल्या पुरुषांचा कॅलिफोर्नियात २४ वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांच्या चौपट आढळला. आपला मुलगा किंवा भाऊ गर्दमधून वाचावा म्हणून आपण जिवाचे रान करतो. तो पन्नाशीत तंबाखूने जावा, असे आपल्याला नक्कीच वाटत नाही.

३. गोव्यात तंबाखू खाणारे कमीच आहेत ना? मग ही चिंता इथे लागू होते का?

सर्वसाधारण लोकसंख्येपुरते हे खरे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात गोव्यात तंबाखूचा वापर ९.७ टक्के होता, देशातील सर्व राज्यांत सर्वांत कमी. भारताचे एकूण प्रमाण २८.६ टक्के होते. गोव्याने धूम्रपान व थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा १९९७ सालीच केला होता. पण अफूजन्य पदार्थांवर उपचार घेणारा गट वेगळा असतो. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत या गटातील दहांपैकी सुमारे आठ जण धूम्रपान करताना आढळले आहेत. म्हणून "आमच्याकडे कोण ओढतो" हे वाक्य गावासाठी ठीक आहे, उपचार केंद्राच्या बाकड्यावर बसलेल्यांसाठी नाही.

४. दोन्ही सोडायला गेले तर ताण वाढून तो पुन्हा गर्दकडे वळेल, असे सगळे सांगतात. हे खरे का?

ही भीती जुनी आहे आणि प्रेमापोटी आलेली आहे, पण तिला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. २००४ साली १९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यसनमुक्तीच्या उपचारासोबतच ज्यांना तंबाखू सोडण्याची मदत मिळाली, त्यांची दारू व अमली पदार्थांपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक होती. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता: तंबाखूचे उपचार दिल्याने तंबाखू सुटण्याचे प्रमाण वाढते आणि दुसऱ्या पदार्थापासून दूर राहण्याला धक्का लागत नाही.

कारण समजून घेणे कठीण नाही. गर्द ओढणाऱ्याच्या हातात सिगारेट आणि पन्नी (गर्द तापवून ओढण्याचा चकाकी कागद) या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे एकाच वेळी, त्याच मित्रांसोबत, त्याच आडोशाला राहिलेल्या असतात. एक शिल्लक राहिली की ती दुसरीची आठवण करून देते. विडी मागायला जुन्या अड्ड्यावर गेलेला मुलगा तिथून फक्त विडी घेऊनच परत येईल, याची खात्री कोणी द्यावी?

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवे. अफूजन्य पदार्थांच्या रुग्णांना तंबाखू सोडणे इतरांपेक्षा जड जाते आणि पहिल्याच प्रयत्नात यश मिळणारे थोडे असतात. याचा अर्थ प्रयत्न पुढे ढकलावा असा होत नाही. मदत जास्त द्यावी लागते, जास्त काळ द्यावी लागते, इतकाच होतो.

५. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही बंद करायचे का?

तसे बंधन नाही. बहुतेक रुग्णांसाठी सोयीचा क्रम असा ठरतो: आधी ब्युप्रेनॉर्फिन या अफूजन्य व्यसनावरच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळीचा डोस बसवून घ्यायचा, म्हणजे अंगदुखी, जांभया, रात्रीची तळमळ थांबते, मग एक-दोन आठवड्यांत तंबाखू सोडण्याची तारीख ठरवायची. तंबाखूविषयी बोलणे मात्र पहिल्या भेटीतच सुरू व्हावे, कारण "नंतर बघू" म्हटलेला विषय पुढे कधीच निघत नाही. वॉर्डात भरती असलेल्या रुग्णाला धूम्रपान करताच येत नसेल, तर त्याला पहिल्या दिवसापासून निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम मिळायला हवे. नाही तर तंबाखूच्या तलफेपायी तो उपचार अर्धवट टाकून घरी निघून जातो. एखाद्याला सर्व काही एकदाच टाकून द्यायचे असेल आणि त्याची तयारी असेल, तर त्यालाही अडवू नये.

६. गर्द बंद झाल्यापासून नवऱ्याच्या विड्या दुप्पट झाल्या आहेत. असे का होते?

दोन्ही पदार्थ मेंदूतील एकाच सुखद वाटेवर काम करतात. निकोटिनमुळे डोपामिन स्रवते आणि शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्येही बाहेर पडतात, त्यामुळे गर्दची जागा अंशतः भरल्यासारखी वाटते. शिवाय मेथाडोन (अफूजन्य व्यसनावरचेच दुसरे औषध) किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा डोस घेतल्यानंतर काही तास ओढण्याचे प्रमाण वाढते, असे प्रयोगांतही दिसले आहे. याचा व्यवहारात उपयोग करून घेता येतो: डोस घेतल्यानंतरचा तास-दोन तास हाताला काम ठेवावे आणि निकोटिनचे च्युइंगम त्या वेळेसाठी राखून ठेवावे. विड्या वाढण्याचे दुसरे कारण कधी कधी डोस कमी पडणे हे असते, त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

७. चिडचिड, झोप नाही, अंगात अस्वस्थता. ही टर्की (गर्द तुटल्याचा त्रास) आहे की तंबाखूची तलफ, हे ओळखायचे कसे?

चिडचिड, बेचैनी, निद्रानाश आणि उदासी दोन्हींत असतात, म्हणून गोंधळ होतो. पण काही खुणा वेगळ्या आहेत. नाक-डोळे गळणे, सतत जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा येऊन जुलाब होणे आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे ही अफूजन्य पदार्थ तुटल्याची लक्षणे आहेत. भूक वाढणे, बद्धकोष्ठता, लक्ष न लागणे आणि काही दिवस खोकला वाढणे ही तंबाखू तुटल्याची आहेत. गर्दची टर्की शेवटच्या सेवनानंतर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होते आणि दीड ते तीन दिवसांत सर्वाधिक असते. निकोटिनचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

हा फरक ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे. रोज सकाळी डोस घ्यायच्या आधीच्या तासांत नाक गळत असेल, तर ब्युप्रेनॉर्फिनचा डोस कमी पडतो आहे आणि डॉक्टरांना सांगून तो वाढवून घ्यायला हवा. तिथे निकोटिनची पट्टी लावून काही साधणार नाही. उलट, गोळी बसलेली असताना केवळ विडी बंद केल्यामुळे चिडचिड होत असेल, तर गोळी वाढवण्याचे कारण नाही. लक्षणे आणि त्यांची वेळ एका वहीत लिहून ठेवली, तर डॉक्टरांचे निम्मे काम होते.

८. जिभेखालची गोळी घेताना तोंडात तंबाखू किंवा मिशरी चालते का?

चालत नाही. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखालच्या त्वचेतून शोषले जाते. गिळले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. तोंडात बार भरलेला असेल तर लाळ सुटते, माणूस थुंकतो किंवा गिळतो, आणि औषधही त्याबरोबर जाते. "गोळीने काही होत नाही" असे सांगणाऱ्यांना मी नेहमी आधी हेच विचारते की गोळी ठेवण्यापूर्वी तोंडात काय होते.

गोळीपूर्वी चूळ भरून तोंड स्वच्छ करावे, थोडे पाणी प्यावे, आणि गोळी पूर्ण विरघळेपर्यंत बोलू नये, थुंकू नये, ओढू नये. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरावी आणि दात घासायला एक तास थांबावे, कारण या गोळ्यांमुळे दात किडण्याविषयी २०२२ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी इशारा दिला आहे. मिशरी लावणाऱ्यांचे दात व हिरड्या आधीच कमकुवत असतात, त्यांनी वर्षातून एकदा तरी दंतवैद्याकडे जावे. निकोटिनचे च्युइंगमही गोळीसोबत एकाच वेळी तोंडात ठेवू नये.

९. ब्युप्रेनॉर्फिन आणि ब्युप्रोपिऑन एकच का? औषधाच्या दुकानात गोंधळ झाला.

ही दोन अगदी वेगळी औषधे आहेत आणि नावे सारखी असल्यामुळे घोटाळा सहज होतो, म्हणून चिठ्ठीवरचे नाव अक्षर-अक्षर वाचून घ्यावे. ब्युप्रेनॉर्फिन अफूजन्य व्यसनावरचे आहे. ब्युप्रोपिऑन हे नैराश्यावरचे औषध तंबाखू सोडण्यासाठीही वापरले जाते.

ब्युप्रोपिऑनमुळे फिट येण्याचा धोका वाढतो. ज्याला पूर्वी फिट आली आहे त्याने ते घेऊ नये. फेणी, उर्राक अशी दारू किंवा झोपेच्या गोळ्या नुकत्याच एकदम बंद केलेल्यांनीही नाही. ट्रॅमाडॉलचा स्वतःचा फिटचा धोका असतो, आणि ब्युप्रोपिऑन त्याचे शरीरातील रूपांतरही अडवते. त्यामुळे जो अजून ट्रॅमाडॉल घेतो आहे, त्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. लपवण्यामागची शरम मला कळते, पण इथे ती जिवावर बेतू शकते.

१०. निकोटिनचे च्युइंगम आणि पट्टी कशी वापरायची? मला च्युइंगमने फक्त उचक्या लागल्या.

उचक्या लागल्या म्हणजे बहुधा ते साध्या च्युइंगमसारखे भराभर चघळले गेले. हळू चघळावे, तिखट झिणझिण्या आल्या की थांबून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडे चघळावे. एक तुकडा सुमारे अर्धा तास पुरतो. उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली विडी किंवा चिमूट लागत असेल, तर सहसा ४ मिलिग्रॅमचे सुचवले जाते, अन्यथा २ मिलिग्रॅमचे.

आंबट पदार्थांमुळे तोंडातून निकोटिन नीट शोषले जात नाही. आपल्याकडे जेवणासोबत सोलकढी आणि उन्हातून आल्यावर कोकम सरबत ठरलेलेच; कॉफी आणि शीतपेयेही त्यातच आली. च्युइंगमच्या आधी १५ मिनिटे आणि ते तोंडात असेपर्यंत यांपैकी काही घेऊ नये.

दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला साधारणतः २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करून पुढे १४ आणि ७ वर आणतात. गोव्याच्या दमट हवेत घामामुळे पट्टी सुटते, म्हणून ती अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करून, केस नसलेल्या जागी लावावी आणि रोज जागा बदलावी. रात्री विचित्र स्वप्ने पडत असतील तर झोपताना काढावी. पट्टी आणि च्युइंगम एकत्र वापरल्यास एकट्याने वापरण्यापेक्षा जास्त उपयोग होतो. दोन्हींचा ब्युप्रेनॉर्फिनशी झगडा नाही.

११. तंबाखू सोडण्याच्या व्हॅरेनिक्लिन या गोळीने डोके फिरते, असे ऐकले. घ्यावे का?

पूर्वी ही शंका होती. २०१६ साली आठ हजारांहून अधिक लोकांवरील मोठ्या चाचणीत, मानसिक आजार असलेल्यांतही, व्हॅरेनिक्लिनमुळे गंभीर मानसिक त्रासात लक्षणीय वाढ दिसली नाही. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस दोनदा आणि मग १ मिलिग्रॅम दोनदा, असे साधारण १२ आठवडे ते देतात. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यावे. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असल्यास डोस कमी करावा लागतो. तोंडात तंबाखू धरणाऱ्यांसाठीही त्याचा उपयोग दिसला आहे.

१२. धूम्रपान थांबवल्यावर इतर औषधांचे डोस बदलावे लागतात का?

काहींचे लागतात, आणि ही बाब बरेचदा निसटते. विडी-सिगारेटच्या धुरातील टारमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) वाढते आणि क्लोझॅपिन, ओलान्झॅपिन, थिओफिलिन ही औषधे लवकर नष्ट होतात. धूर थांबला की आठवड्याभरात त्यांची रक्तातील पातळी चढू शकते. म्हणून मनोविकाराची किंवा दम्याची ही औषधे चालू असतील तर सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगावी. चहा-कॉफीचेही तसेच होते. तंबाखू सोडल्यावर नेहमीच्या चार कपांनी छातीत धडधडत असेल तर दोन करावेत. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे तंबाखू खाणाऱ्याला किंवा पट्टी लावणाऱ्याला तो लागू होत नाही. ब्युप्रेनॉर्फिनचा डोस यासाठी सहसा बदलावा लागत नाही. मेथाडोन घेणाऱ्याला जास्त गुंगी वाटली तर मात्र कळवावे.

१३. तंबाखू सोडल्यापासून पोटच साफ होत नाही. पुन्हा चिमूट घेऊ का?

घेऊ नका. ब्युप्रेनॉर्फिनसह सर्व अफूजन्य औषधे आतड्यांची हालचाल मंद करतात आणि तंबाखू सोडल्यावरही काही आठवडे बद्धकोष्ठता होते. दोन्ही एकत्र आल्यामुळे हा त्रास वाढतो. पाणी, पालेभाज्या, नाचणी आणि चालणे यांनी न भागल्यास डॉक्टरांकडून सौम्य रेचक घ्यावे. किरकोळ वाटणाऱ्या या त्रासापायी तंबाखूकडे परतणारे मी अनेक पाहिले आहेत.

१४. सून गरोदर आहे आणि ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. आता दोन्ही बंद करू का?

ब्युप्रेनॉर्फिन स्वतःहून बंद करू नये. ते एकदम तुटल्याने गर्भाला धोका होतो आणि पुन्हा गर्दकडे वळण्याची शक्यता वाढते. तंबाखू मात्र सोडायलाच हवी, कारण आईने धूम्रपान केल्यास जन्मानंतर बाळाला होणारा औषध तुटल्याचा त्रास अधिक तीव्र असतो, शिवाय वजन कमी भरते. आधी समुपदेशन, आणि ते न पुरल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली निकोटिनचा पर्याय, असा क्रम असतो. प्रसूतितज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांनाही दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात. तिला रागावू नका.

१५. पन्नीवर गर्द ओढणाऱ्याला दम लागतो. विडी कमी केली तर पुरेल का?

कमी करणे ही पायरी ठीक आहे, पण तिथे थांबू नये. गर्दचा धूर आणि तंबाखूचा धूर दोन्ही फुप्फुसांची हानी करतात, आणि तंबाखूमुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो; दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. फुप्फुसे आधीच कमकुवत असलेल्या माणसाने अफूजन्य पदार्थासोबत झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेतली, तर श्वास थांबण्याचा धोका कितीतरी वाढतो.

१६. विडीऐवजी ई-सिगारेट वापरू का?

भारतात २०१९ पासून तिचे उत्पादन, आयात आणि विक्री बंद आहे. किनारपट्टीवर चोरून मिळते म्हणून ती औषध ठरत नाही. मान्य उपाय प्रश्न १० आणि ११ मध्ये आहेत.

१७. भावाला ठेवले होते त्या केंद्रात "नीट वागलास तर विडी" असे बक्षीस मिळे. हे योग्य आहे का?

योग्य नाही. असे एक निवासी केंद्र मी स्वतः पाहिले आहे. सकाळच्या प्रार्थनेनंतर रांगेत उभे करून विड्या वाटल्या जात, आणि आधी कधी न ओढलेली दोन मुले तिथे ओढायला शिकून बाहेर पडली. त्याचे दुःख मला आजही आहे. प्रवेश घेण्यापूर्वी नातेवाइकांनी स्पष्ट विचारावे: आवारात तंबाखू चालते का, कर्मचारी रुग्णांसमोर ओढतात का, निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम मिळते का.

१८. उपचाराला गेलो तर पोलिसांना कळेल का? आणि जायचे कुठे?

अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील ६४-अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार पूर्ण केला नाही तर ते काढून घेतले जाऊ शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही आहे.

गोव्यात बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे आयपीएचबी, आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, ही मुख्य सरकारी ठिकाणे आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहेत. पहिल्याच भेटीत दोन्ही व्यसनांचा उल्लेख करावा. डॉक्टरांनी तंबाखूविषयी विचारले नाही, तर आपणच सांगावे.

१९. घरात आईच मिशरी लावते. तिने काय करावे?

शक्य असेल तर तिनेही मुलासोबत सोडावी. एकाच तारखेला दोघांनी सुरुवात केलेली घरे मी पाहिली आहेत आणि तिथला आधार औषधाइतकाच कामी आला. लगेच जमत नसेल तर निदान डबी त्याच्या नजरेआड ठेवावी आणि "त्यापेक्षा हे बरे" असे म्हणून त्याला कधीही देऊ नये.

२०. तीन महिन्यांनी एक सिगारेट ओढली. सगळे वाया गेले का?

नाही. राहिलेला तुकडा टाकून द्यावा, पट्टी किंवा च्युइंगम चालू ठेवावे आणि कुठे, कोणासोबत, किती वाजता ओढली ते लिहून ठेवावे. ब्युप्रेनॉर्फिनची त्या दिवसाची गोळी कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये.

गर्दच्या बाबतीतले घसरणे मात्र वेगळे समजावे. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती कमी होते आणि पूर्वीचाच डोस जीवघेणा ठरू शकतो. नॅलट्रेक्सोन (अफूजन्य पदार्थांचा परिणाम रोखणारे औषध) घेऊन थांबवलेल्यांनाही हे लागू आहे. माणूस हाका मारून जागा होत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास मंद किंवा घरघरत असेल, तर १०८ ला फोन करावा, त्याला कुशीवर वळवावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत एकटे सोडू नये. काय घेतले होते ते डॉक्टरांना खरे सांगावे.